चव्वेचाळीस लिटर लाकूड

९ जून

ती. काकांना नमस्कार.

फोन न करता पत्र लिहिते आहे. मागच्या वेळी मी फोनवर जे बोलले ते काकूने तुम्हाला ओरडून सांगितलं आणि त्यात पदरचंही बरंच घातलं. माझी बदली झालेली नाही, आणि मी मांजर पाळलेलं नाही.

कॉलेजच्या सभागृहाची दुरुस्ती निघाली आहे. रंगमंचाखालची अडगळ बाहेर काढली, तिची भंगारयादी करायचं काम प्रयोगशाळा साहाय्यक म्हणून माझ्याकडे आलं. त्या अडगळीत तुम्ही कॉलेजसाठी केलेल्या दोन सबवूफर पेट्या, खालच्या सुरांच्या स्पीकरच्या, निघाल्या. अकरा वर्षं मी त्या रंगमंचाशेजारून रोज जाते, पण त्या खाली आहेत हे मला माहीत नव्हतं. की माहीत करून घेतलं नव्हतं? खात्रीने सांगता येत नाही.

साठा-वहीत त्यांच्यापुढे शेरा आहे: 'सदोष बांधणी. सांध्यांतून हवा गळते. दोन स्पीकर फाटले. वापरू नये.' एका पेटीच्या पाठीवर तुमच्या अक्षरातली चिठ्ठी अजून चिकटलेली आहे: 'सूर ३० हर्ट्झ. हा आकडा पुतणीने काढला आहे.' पेन्सिलीच्या अक्षरांवर तुम्ही लॅकर मारलेलं दिसतं, म्हणून पुसली गेली नाहीत.

भंगारवाला जुलैअखेर येईल. त्याआधी एक पेटी प्रयोगशाळेत नेऊन तिचा सूर मोजून बघावा असं मनात आहे. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की तिचा एक ठरलेला सूर निघतो, तसाच पाइप बसवलेल्या पेटीचाही असतो. मुलांना दाखवायला प्रयोग चांगला आहे. तुमची हरकत नसेल तर.

पेट्या केल्यात त्या वर्षीची डायरी काढली. १४ मार्चला लिहिलं आहे: 'काकांच्या पेटीचं गणित पूर्ण. दोनदा तपासलं.'

तुमची पुतणी


१७ जून

चि. मोजपट्टी,

तुझं पत्र मिळालं. मांजराचं मी काकूला विचारलं. ती म्हणते, "मग फोनवर म्याव कोण करत होतं?" आता यावर काय बोलायचं ते तूच सांग.

पेट्यांचं म्हणशील तर जाऊ दे भंगारात. मेलेल्या म्हशीचं दूध मोजून काय मिळणार? मुलांना प्रयोगच दाखवायचा तर बाटली घे, स्वस्त पडते. एक इंची प्लायच्या पेट्या आहेत, एकटीने उचलू नकोस. तुझी कंबर तुझ्या बापासारखी आहे.

मी बरा आहे. वर्कशॉप विकून इथे लेकीच्या गावी आलो त्याला आता नऊ वर्षं होतील. कपाटाच्या बिजागऱ्या बसवून देतो, कुणाचं दार घासत असेल तर रंधून देतो. मोठं काम घेत नाही. हात चालतात, पण घेत नाही.

चिठ्ठी खरवडून काढून टाक.

काका

ता. क. पेट्यांचे सांधे उघडलेत का? नुसतं नजरेने बघून सांग. घाई नाही.


२६ जून

ती. काका,

पेटी मी एकटीने उचलली नाही. सभागृहाच्या साउंडवाल्याला बोलावलं. हा तोच जुना माणूस, आता केस पांढरे झालेत. पेटी बघून म्हणाला, "ताई, ही नका उघडू. माझे दोन स्पीकर खाल्लेत हिने."

"तुमचा उसना स्पीकर देता का? हळू आवाजात चालवीन."

"म्हणजे तिसरा घास!"

पण दिला. भला माणूस आहे.

मी काय केलं ते क्रमाने लिहिते. स्पीकरच्या शंकूसारख्या कागदावर चिमूटभर खडूची पूड टाकली. पाइपच्या तोंडासमोर टिश्यू पेपरची पट्टी टांगली. प्रयोगशाळेतल्या यंत्रावरून एकेक शुद्ध सूर वाजवत पन्नास हर्ट्झपासून खाली आले. पेटीचा स्वतःचा सूर सापडला की सगळं काम पाइपमधली हवा करते आणि स्पीकरचा कागद जवळजवळ स्थिर राहतो. चाळीसला पूड नाचत होती. सदतीसला मंदावली. पस्तीसला अशी निजली की मला वाटलं तारच सुटली. पण पाइपसमोरची पट्टी आडवी उडत होती. चिठ्ठीवरच्या तीसला आले तेव्हा पूड पुन्हा उसळायला लागली. तीनदा केलं. दुसऱ्या पेटीलाही पस्तीसच.

म्हणजे स्पीकर का फाटले ते कळलं. पेटीच्या सुराच्या खाली गेलं की कागदाला हवेचा आधार राहत नाही, तो सैरभैर हलतो. म्हणून त्याखालचे आवाज फिल्टर लावून अडवतात. साउंडवाल्याने चिठ्ठीवर भरवसा ठेवून फिल्टर अठ्ठावीसला लावला होता. अठ्ठावीस ते पस्तीस एवढा पट्टा बिनआधाराचा राहिला.

सांध्यांचं विचारलंत. पाइपच्या तोंडावर फळी दाबून धरली, कागद बोटांनी हलकेच आत ढकलला आणि सोडला. तो सावकाश परत आला. हवा गळत असती तर पटकन आला असता. फळी तशीच ठेवून, साउंडवाल्याला कागद आतबाहेर करायला लावून मी बाराही सांध्यांवरून मेणबत्ती फिरवली. ज्योत कुठेही हलली नाही. पेटी गळत नाही, काका. मग गळते असं कोणी ठरवलं?

आता राहतो आकडा. पाइपची रुंदी तीच असली की सूर दोनच गोष्टींवर ठरतो: आत हवा किती, आणि पाइप किती लांब. हवा ठरलेलीच आहे, म्हणजे पाइप आखूड असणार. मी चोवीस सेंटिमीटर सांगितला होता. पस्तीस यायचे तर तो पंधराच्या आसपास असायला हवा. त्या वेळी गडबडीत काही झालं होतं का? दोष द्यायला विचारत नाही. फक्त नोंद बरोबर असावी म्हणून.

तुमची पुतणी


३ जुलै

चि. मोजपट्टी,

हो. पाइप मीच आखूड कापला असेन. करवत सरकली असेल. झाली चूक. आता विषय बंद.

मेणबत्तीची ज्योत हलली नाही असं लिहिलंस. बाराही सांध्यांवर? खालच्या चारही? पेटी उलटी करून बघितलीस का?

काका


११ जुलै

ती. काका,

पेटी उलटी करून पाहिली होती. खालचे चारही सांधे बघितले. ज्योत हलली नाही.

तुमचं पत्र आल्यावर मला आधी बरं वाटलं, हे कबूल करते. दोन दिवस बरं वाटत राहिलं. तिसऱ्या दिवशी त्या बरं वाटण्याचीच शंका यायला लागली. मला लहानपणी काटकोन तपासायचा गुण्या धरायला तुम्ही शिकवलंत. कपाटाच्या फळीत केसाएवढी फट दिसली तर तुम्ही आख्खी फळी बदलायचात. तुमच्या हातून नऊ सेंटिमीटरला करवत सरकली? दोन्ही पेट्यांच्या पाइपांना सारखीच?

पाइपमध्ये पट्टी घालून मोजायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. मी तुम्हाला पत्र लिहिलं, दहा दिवस उत्तराची वाट पाहिली, पण पट्टी घातली नाही. कारण 'पाइप आखूड' हे उत्तर मला सोयीचं होतं. एरवी मला मोजपट्टी म्हणतात.

काल मोजलं. चोवीस. दुसरा पाइपही चोवीस. दोन्हींच्या कडा रंध्याने साफ केल्यासारख्या.

पेटी गळत नाही, पाइप बरोबर आहे. उरलं माझं गणित. डायरीत ते पूर्ण लिहिलेलं आहे. तुमच्या कागदावरची मापं: साठ, साठ, पन्नास. एकशे ऐंशी लिटर. त्यातून स्पीकरच्या चुंबकाची, आडव्या पट्ट्यांची, पाइपची जागा मिळून बारा लिटर वजा केली आहे. शेजारी लिहिलं आहे, 'बारीकसारीक काही सुटलं नाही.' मग पेटीच्या आत पट्टी घातली. पंचावन्न, पंचावन्न, पंचेचाळीस. एकशे छत्तीस लिटर.

तुम्ही दिलेलं माप बाहेरचं होतं. सुतार बाहेरचंच माप देणार. पेटी रंगमंचाखाली मावायला हवी होती. मी ते आतलं धरलं. तुम्हाला एका शब्दाने विचारलं नाही. चुंबकाएवढी हवा वजा करणाऱ्या बाईने चव्वेचाळीस लिटर लाकूड हवा म्हणून मोजलं. नव्या मापाने पुन्हा गणित केलं तर उत्तर पस्तीसला जरासं कमी येतं. खडूच्या पुडीने तेच सांगितलं होतं.

आता दोनच प्रश्न. 'सांध्यांतून हवा गळते' हे कोणी सांगितलं? आणि पाइप तुम्ही बरोबर कापला होता हे माहीत असताना मला खोटं का लिहिलंत?

शेरा बदलून घेण्यासाठी मी प्राचार्यांना लेखी देणार आहे. तुमच्या उत्तरापर्यंत थांबते.

तुमची पुतणी


१९ जुलै

चि. मोजपट्टी,

देऊ नकोस.

विचारलंस म्हणून सांगतो. पहिला स्पीकर फाटला तेव्हा फिल्टर लावण्यात चूक झाली असेल असं सगळे म्हणाले. दुसरा फाटला तेव्हा मला बोलावणं आलं. निघण्याआधी तुझा कागद काढला. वरच एकशे ऐंशी दिसलं. मला तुझं ते वर्गमुळाचं काही कळत नाही, पण एक इंची प्लायच्या पेटीत किती माल मावतो ते कळतं. जन्मभर पेट्याच केल्या. तिथेच समजलो की पोरीने बाहेरचं माप धरलं.

सभागृहात सात-आठ जण बसले होते. तुझे तेव्हाचे साहेब पण होते. ते चिठ्ठी वाचत होते, 'पुतणीने काढला आहे.' विचारलं, "ही पुतणी म्हणजे आपल्या प्रयोगशाळेतली नवीन मुलगी का?" तुला कायम करायचा कागद त्यांच्याच टेबलावर होता. तू चार महिन्यांची नोकर. मी म्हणालो, "साहेब, आकडा बरोबर आहे. सांधे माझे कच्चे राहिले. हवा गळते." झालं. दोन मिनिटांत मीटिंग संपली. चहासुद्धा दिला त्यांनी.

आणि माप मी दिलं होतं. 'बाहेरचं' हा शब्द लिहायला किती शाई लागली असती? तेव्हा ही चूक तुझी तू उगाच एकटीच्या नावावर घेऊ नकोस. निम्मी माझी आहे.

आता जे काकूलाही सांगितलेलं नाही ते लिहितो. त्या दिवशी खोटं बोललो. पण पेटी गळत नाही हे मी तेव्हा तपासलेलं नव्हतं. करताना गळत नव्हती, पुढचं कोणाला माहीत? नंतर तपासायला जायला पाहिजे होतं. गेलो नाही. लोक विचारायचे, "काय हो, तुमची पेटी गळली म्हणे?" मी म्हणायचो, हो. एकाला म्हटलं, दहांना म्हटलं. म्हणता म्हणता मलाच खरं वाटायला लागलं. मग कुठलाही सांधा जोडला की रात्री वाटायचं, हा धरेल का? असल्या हातांनी वर्कशॉप चालत नाही. म्हणून विकलं. गुडघे दुखतात म्हणून विकलं असं काकू सगळ्यांना सांगते. गुडघे ठणठणीत आहेत.

तर ज्योत हलली नाही हे तू लिहिलंस ते मी चारदा वाचलं. मला तेवढं पुरे. कॉलेजच्या वहीत काय लिहिलंय त्याने माझं काही अडलेलं नाही. तुझं अडेल. गप्प बस.

काका


८ ऑगस्ट

ती. काका,

तुमचं पत्र मिळालं. दोन आठवडे उत्तर दिलं नाही, कारण तुमचं ऐकायचं की नाही ते ठरत नव्हतं.

तुमचं ऐकलं नाही. २९ जुलैला लेखी दिलं.

हे तुमच्यासाठी केलं की माझं मन हलकं व्हावं म्हणून, हे डायरीत दोन्ही बाजूंनी लिहून पाहिलं. निकाल लागला नाही. पण शेरा खोटा आहे हे दोन्ही बाजूंना मान्य होतं, म्हणून दिलं.

प्राचार्य नवीन आहेत. म्हणाले, "अकरा वर्षांनी? आता कशाला उकरून काढताय हे?"

म्हटलं, "शेरा चुकीचा आहे म्हणून."

"भंगारातच जाणार आहेत ना त्या?"

"जाऊ नयेत म्हणूनही."

त्यांनी साउंडवाल्याला बोलावलं. तो आधी माझ्याकडे रागाने बघत होता. पूड निजलेली दाखवली, तसा खाली वाकला आणि बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे सुतार बरोबर होता?" मी हो म्हटलं. "आणि मी अकरा वर्षं त्याला शिव्या घालतोय!" मग माझ्याकडे वळून, "आता तुम्हाला घालू का?" घाला म्हटलं. त्याने नाही घातल्या. फिल्टर तेहतीसला लावून बघतो म्हणाला.

वहीत नवा शेरा आहे: 'बांधणी निर्दोष. सूर ३५ हर्ट्झ. आधीचा आकडा चुकीचा. चूक प्रयोगशाळा साहाय्यकाची.' माझी सही आहे. निम्मी चूक तुमची असं तुम्ही लिहिलं होतं, ते मी वहीत घातलं नाही. विचारायचं काम माझं होतं.

चिठ्ठी खरवडली नाही. तिच्याखाली दुसरी लावली आहे.

तुमची पुतणी


१६ ऑगस्ट

चि.

अकरा वर्षांत एक गोष्ट मी धड केली होती, तीही तू उसवलीस.

काका


१२ सप्टेंबर

ती. काका,

महिना झाला तुमचं पत्र नाही. काकूला फोन केला. ती म्हणाली, "रागावलेत, पण जेवतात व्यवस्थित." तेवढ्यावर समाधान मानलं.

तुम्ही रागावलात ते बरोबर आहे. तुम्ही मला एक वस्तू दिली होती, ती मला माहीतही नव्हती, आणि कळल्याबरोबर मी परत करून टाकली. तरीही पुन्हा वेळ आली तर मी लेखी देईन. ही दोन वाक्यं एकमेकांशी जुळत नाहीत, हे मला दिसतं आहे.

वरिष्ठ पदाच्या बढतीची यादी लागली. माझं नाव दुसरं आहे आणि जागा एक. त्याचा याच्याशी संबंध आहे की नाही, कळायला मार्ग नाही. तुम्ही दुसऱ्या कोणाकडून ऐकण्याआधी मीच सांगते आहे.

परवा सभागृहात पहिला कार्यक्रम झाला. दोन्ही पेट्या रंगमंचाखाली, जुन्याच जागी. तुम्हाला खालचे सूर अजून कळतात, हे मला ठाऊक आहे. तुम्हीच म्हणाला होतात की कान गेले तरी ते छातीला ऐकू येतात. मी शेवटच्या रांगेत बसले होते. खुर्चीच्या हातावर हात होता. खालचा सूर आला की तो हातात यायचा आणि जायचा, मागे काही रेंगाळत नव्हतं. मध्यंतरात रंगमंचाखाली गेले आणि पेटीच्या बाजूला तळवा लावला. साउंडवाल्याने मुद्दाम तोच भाग पुन्हा वाजवला. पाइपमधून केस उडतील असा वारा येत होता. आणि लाकूड गार, गप्प. त्यात काही चाललं आहे असं हाताला वाटलंच नाही.

साउंडवाला म्हणाला, "असल्या पेट्या आता कोणी करत नाही."

मी म्हटलं, "करणारा आहे, पण करत नाही."

तुमची पुतणी


३० सप्टेंबर

चि. मोजपट्टी,

यादीचं वाचलं. वाईट वाटलं. तरी सांगून ठेवतो, तुझ्या जागी मी असतो तर गप्प बसलो असतो, आणि मग आणखी अकरा वर्षं भुसा चघळत राहिलो असतो. तेव्हा तुझ्यावर रागवायचं की नाही याचाही निकाल लागलेला नाही. तुझ्या डायरीत लिहून बघ.

लाकूड गप्प होतं म्हणालीस. गप्पच असायला पाहिजे. आत मध्यावर आडव्या पट्ट्या घातल्या आहेत त्या कशासाठी? तू मात्र त्यांचीही हवा वजा केलीस, आणि पेटी धरून ठेवणाऱ्या फळ्या विसरलीस. हे मी आता हसत लिहितो आहे. काकूने विचारलं, एकटेच का हसताय. तिला सगळं सांगितलं, अकरा वर्षांचं. ती म्हणाली, "गुडघ्यांची एवढी तेलं आणली त्याचं काय?"

गच्चीवरच्या खोलीत बाक लावला आहे. करवतीला धार लावून आणली. एक लहान डबा जोडून पाहिला, मेणबत्ती फिरवली. नाही हलली. दुसऱ्या दिवशी परत फिरवली. काकू म्हणते पिठात भुसा येतो. येतच असणार.

दोन गल्ल्या सोडून एक बाई नाच शिकवतात. त्यांना जमिनीतून ठेका कळेल अशी एक पेटी हवी आहे. स्पीकर आणला आहे, त्याच्याबरोबरचा छापील कागद सोबत पाठवतो. चुंबक किती मोठा, पट्ट्या किती, सगळं मागच्या बाजूला लिहिलं आहे. पाइप दहा सेंटिमीटर व्यासाचा मिळाला. किती लांब कापायचा आणि सूर कुठे येईल ते तू सांग. चिठ्ठी मी लिहीन, तिच्यावर तुझं नाव घालीन, आणि यावेळीही वरून लॅकर मारणार आहे.

पेटी बावन्न, चव्वेचाळीस, चाळीस. पट्टी आत घालून घेतलेली मापं आहेत, तिन्ही. तरी तू एकदा विचार.

काका